कर्ण्यातला ढोल

"थांबा, परत येतंय!" म्हणत अण्णा बोट वर करायचे. समोर गिऱ्हाईक असो की चहा, सगळं तसंच राहायचं. लाउडस्पीकरच्या कर्ण्यातून सोडलेला सूर डोंगरावर आपटून परत येई आणि स्वारी लगेच त्यावर दुसरा सूर चढवी.

रामनगरात माझं शिलाईचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून त्यांचं रेडिओदुरुस्तीचं. माझ्या कानांचे काय हाल झाले असतील, ते तुम्हीच ठरवा! जुन्या रेडिओचं त्यांनी एक यंत्र केलं होतं. तारेजवळ हात नेला की आवाज बारीक, मागं घेतला की जाड. खटका ओढला की ढोलासारखे धुप्-धुप् ठोके. रोज नवीनच काहीतरी निघायचं. काल वाजवलेलं आज त्यांचं त्यांना येत नसे.

"अण्णा, वाजवताय का रेडिओ मारताय?" मी चिडवायचो.

"मारतोय व्हय? मग सुरात तरी मारतोय न्हवं?"

हसायचे, पण मनात खंत होती. जत्रेला, लग्नाला लोक त्यांना कर्णा बांधायला बोलवत. "एकदा तरी वाजवणाऱ्यांत बसायचं हाय बघा," असं ते एकदा म्हणाले.

एका शिमग्याला आम्ही कुंभारवाड्याकडच्या वाडीत वाजवायचंच म्हणून गेलो. बॅटरी, यंत्र, कर्णा, सगळं बैलगाडीत. मांडावर, म्हणजे देवाचा खेळ होतो त्या अंगणात, गाडी थांबली तोच गावचे बुदवंत, म्हणजे मुख्य मानकरी, आडवे आले. "असलं कायबाय मांडावर न्हाई चालायचं. शेताच्या पल्याड न्या."

अण्णांचा चेहरा एवढासा झाला. मला भारी राग आला, पण परक्या गावात करता काय? पल्याड जाऊन बैल सोडले. अण्णांनी कर्णा डोंगराकडे फिरवला आणि ठोके सोडले.

ते डोंगरावरून उलटून मांडावर गेले, आणि तिकडं एकच गलका! शिमग्यात दुसऱ्या गावचा ढोल ऐकू आला की उत्तर द्यायचंच, आणि आधी थांबेल तो हरला. वाडीला वाटलं, डोंगरापलीकडच्या ढोलवाल्यांचा मेळ चालून आला. ढोल कडाडले. अण्णांचे डोळे चमकले. त्यांनी उत्तर दिलं, वर एक लांब सूर चढवला. तिकडून परत जवाब!

ढोल वाजवत अख्खी वाडी बांध ओलांडून आली. बघतात तो गाडीत एकच माणूस, हवेत हात हलवतोय! तोंडं उघडीच राहिली, पण हात कुणाचे थांबले नाहीत. पैजच होती ना. अण्णाही थांबेनात. आणि काय सांगू, असं वाजलं की मीच नाचायला लागलो!

बुदवंत पुढं आले. आता हाकलतात, असं मला वाटलं. त्यांनी गाडीचं जू उचललं. "थांबू नगा! वाजवत मांडावर चला!"

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या डोळ्यांपुढं ते तसेच येतात: दोन्ही बाजूंना ढोल, गाडी ओढताहेत बुदवंत, आणि आत अण्णा, रडताहेत आणि वाजवताहेत.