तांदळात लिहिलेलं नाव

पद्मिनीकाकूंइतकी कमी कटकट करणारी बाई मी इथे परदेशात, आमच्या या एनिस गावात पाहिली नाही. म्हणूनच मला अजून संताप येतो.

काकू नागपूरच्या. काका गेल्यावर घरात एकट्या पडल्या. एकुलता एक मुलगा उल्हास इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, माझा शेजारी. २०१६ साली तीन महिन्यांच्या व्हिसावर त्या त्याच्याकडे आल्या. नात रेवा इंग्रजीत उत्तरं द्यायची, काकू वऱ्हाडी वळणात बोलायच्या, आणि दोघींचं छान चालायचं. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "आता तिथं कोणासाठी चहा ठेवू गं?"

उल्हासने लगेच आईला कायमचं आणायचा अर्ज टाकला. पगार, घर, विमा, सगळं नियमात बसत होतं. पाच महिन्यांनी व्हिसा ऑफिसचं पत्र आलं: तुमच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव विभावरी आहे. पद्मिनी या बाईंशी तुमचं नातं काय?

घोळ असा होता. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. जन्माची नोंद करायला काकूंचा धाकटा भाऊ नंदकुमार गेला. त्याच्या तोंडी ताईचं माहेरचंच नाव, तेच त्याने सांगितलं. सासरी तिची पद्मिनी झाली होती. लग्न काही कुठे नोंदवलेलं नव्हतं. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, की झालं. आता पुरावा म्हणून काय तांदूळ पाठवायचे? त्यांचा तर तेव्हाच भात झाला.

उल्हासने लग्नपत्रिका पाठवली, प्रतिज्ञापत्र पाठवलं. ते सरकारी कागद मागत राहिले. तिकडे दाखला दुरुस्त करायचा तर म्हणे कोर्टाचा हुकूम आणा.

"डीएनए टेस्ट करून टाक ना," मी म्हटलं.

"आईला कसं सांगू?" तो म्हणाला. "तू माझी आई आहेस का ते तपासायचंय, असं?"

लाजेपायी त्याने आठ महिने घालवले. शेवटी मीच त्याच्या किचनमधून काकूंना व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं. काकूंनी फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाल्या, "एवढंच ना? देते की थुंकी. इतके दिवस काहून लपवून राहिला रे?" उल्हास सिंकपाशी तोंड फिरवून उभा होता. काकूच पुढे म्हणाल्या, "विभावरी म्हणून कोणी विचारलं, बरं वाटलं. चाळीस वर्षं झाली ते नाव ऐकून."

डिसेंबर २०१७मध्ये त्यांनी नमुना दिला. निकाल यायच्या आधीच, जानेवारीत त्या झोपेतच गेल्या. दूधवाल्याने बेल वाजवून वाजवून शेवटी शेजाऱ्यांना बोलावलं. ज्या गोष्टीला भिऊन मुलगा धडपडत होता, तीच झाली. मी त्या दिवशी जेवढी रडले, तेवढी माझ्या सख्ख्या आत्यासाठीही रडले नव्हते.

मृत्यूची नोंद करायलाही नंदकुमारमामाच गेले. या वेळी त्यांनी दोन्ही नावं लिहिली: पद्मिनी उर्फ विभावरी. कारकुनाने मान वर न करता शिक्का मारला.

अर्ज बंद करायला उल्हासने तोच दाखला व्हिसा ऑफिसला पाठवला. आठवड्याभरात दोन ओळींचं उत्तर आलं. तो ते घेऊन माझ्या दारात आला आणि त्याने कागद माझ्या हातात दिला.

"तुमच्या आईच्या निधनाबद्दल वाईट वाटलं," असं त्यात लिहिलं होतं. तुमच्या आईच्या.