न उठलेली रेघ

मी आयुष्यभर नकाशे काढले. लिहिण्याची वेळ कधी आली नाही, त्यामुळे हे जमेल असं वाटत नाही. पण इस्पितळात हिला सगळे चिमटाताई का म्हणायचे, हे सांगणारा घरात आता मीच उरलो आहे.

हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की डॉक्टर तिच्यात केसासारखी बारीक तार घालतात आणि तारेवरून एक छोटा फुगा आत नेतात. तारेचं बाहेर राहिलेलं टोक ही चिमट्यात पकडून यंत्राला जोडायची. मग हृदयाच्या आतली वीज पडद्यावर रेघ होऊन दिसे. फुगा फुगवला की क्षणभर रक्त अडतं, रेघ वर उठते, माणूस कण्हतो.

"कण्हू दे," ही म्हणायची. "म्हणजे तेवढा भाग जिवंत आहे. मेलेलं मांस तक्रार करत नाही."

जेवताना असलं काही निघालं की मी ताट बाजूला सरकवत असे. ती हसायची. "तुमच्या रेघा सरळ, माझ्या वाकड्या. पण माणसं माझ्याच रेघांवर जगतात हो."

हे मी शंभरदा तरी ऐकलं असेल.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी हिच्या छातीत जळजळायला लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांची हृदयं वाचणारी बाई, पण स्वतःचं दुखणं आठ दिवस पित्त म्हणून अंगावर काढलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. शेवटी त्याच खोलीत, त्याच टेबलावर तिला घेतलं. यंत्रापाशी तिच्याच हाताखाली शिकलेली मुलगी होती, त्याचा मला धीर वाटला.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. "नळी उघडली, काका. पण हृदय फार थकलंय, जपा. झेपेल तेवढंच चालवा रोज."

मी 'नळी उघडली' एवढंच ऐकलं. हिला बाहेर आणल्यावर विचारलं, "फार दुखलं का गं?"

"नाही हो. अजिबात नाही."

मेहुण्याला फोन केला, शेजाऱ्यांना सांगितलं, दूधवाल्यालाही सोडलं नाही. अजिबात दुखलं नाही म्हणाली, स्वतः म्हणाली.

घरी आल्यावर रोज सकाळी मी तिला कोपऱ्यापर्यंत फिरायला न्यायचो. कधी ती नको म्हणे. "दुखत नाही ना? मग चल की," असं म्हणून मी तिच्या चपला पुढे ठेवायचो. वाटेत बुटांचं दुकान लागे. तिथे ती थांबायची आणि काचेतून आत बघत राहायची.

"रोज काय बघतेस? घे की एकदाचं."

"ठरत नाहीये अजून."

"लग्न ठरवताना नव्हता केलास एवढा विचार."

"म्हणून तर आता करतेय."

सहाव्या आठवड्यात ती गेली. खुर्चीत बसल्या बसल्या, माझी पाठ वळलेली असताना.

दोन दिवसांनी ती यंत्रावरची मुलगी भेटायला आली. मी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"काका, एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "त्या दिवशी फुगा फुगवल्यावर ताईंनी टेबलावरूनच विचारलं, रेघ उठली का गं? मी म्हटलं, उठली."

"मग?"

"म्हणाल्या, खोटं बोलायला मी कधी शिकवलं तुला? दुखलं नाही मला, म्हणजे उठली नसणार." तिने पेला खाली ठेवला. "मग म्हणाल्या, ह्यांना काही बोलू नकोस. दुखलं नाही एवढंच मी सांगेन. ते काही खोटं नाही."

तिला दारापर्यंत सोडलं की नाही, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच कोपऱ्याकडे निघालो. ती जिथे दम खायला थांबत होती तिथे थांबलो आणि पहिल्यांदाच काचेतून आत पाहिलं. मांडलेले सगळे बूट पुरुषांचे होते.