दाखल क्रमांक नसलेली फाईल

माझी पत्नी सुमन मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी गेली.

पुढचं लिहू की नको, असा बरेच दिवस विचार केला. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. लोणावळ्यातल्या एका शाळेत मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. हरवलेलं पुस्तक बहुधा चुकीच्या कप्प्यात सापडतं, एवढंच मला ठाऊक.

सुमनला एक नाद होता. सुट्टीच्या दिवशी लोकलने कान्हे, तिथून जीपने आंदर मावळ. तिकडे प्रत्येक भातखाचराला नाव असतं. ती नावं ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून रेकॉर्ड करून आणायची. एका आजींचं बोलणं माझ्या लक्षात राहिलंय — "बाई, ह्याला कोल्ह्याचं खाचार म्हनत्यात. कोल्हं कवाच गेलं, नाव हाय तितंच."

अशा दोनशे तेरा फायली. त्यांत लोक बोलतात, सुमन नुसती "हं" म्हणते. अपवाद फक्त पहिलीचा. रेकॉर्डर आणला त्या दिवशी तिने अंगणात माझ्यावरच प्रयोग केला होता. वहीत तिच्या अक्षरात नोंद आहे — 'चाचणी. ह्यांचा आवाज.' तिचं बोलणं असलेली तेवढी एकच फाईल.

ती गेल्यावर मला जे येतं तेच मी केलं. सगळ्या फायली नव्या फोल्डरमध्ये हलवल्या, जुनी नावं काढून, ग्रंथालयात पुस्तकाला देतात तसा प्रत्येकीला दाखल क्रमांक दिला. चार दिवस त्यात गेले... बरं वाटलं. मध्ये एकदा वीज गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला, तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. दोन महिन्यांनी मोजल्या तर दोनशे बारा. पहिलीच नव्हती. वीज गेली तेव्हा हलवताना तीच गळाली असावी.

बॅकअप होता, म्हणून घाबरलो नाही. डिस्क घेऊन बाजारात इम्रानच्या दुकानात गेलो. हा शाळेत असताना पुस्तकं न्यायचा आणि परत आणायचा विसरायचा.

"काका, तुमच्या दृष्टीने नुसती नावं बदलली," तो म्हणाला, "पण बॅकअपच्या ह्या सॉफ्टवेअरला ते कळत नाही. हे आत काय आहे ते बघत नाही, बाहेरची पाटी वाचतं. जुनी पाटी दिसली नाही की फाईल गेली, नवी दिसली की नवी आली. गेलेल्या तीस दिवस सांभाळतं, मग पुसून टाकतं."

"आणि तीस दिवस उलटले असतील तर?"

"मी पुस्तक उशिरा आणलं की तुम्ही निदान ओरडायचात. हे ओरडतसुद्धा नाही, काका."

त्याने तासभर खटपट केली. फाईल कुठेच नव्हती.

पुढच्या बुधवारची गोष्ट. बॅकअप रोज दुपारी एकला चालतो. मी ताट वाढून घेतलं होतं — भात, आमटी. स्क्रीनवर नेहमीचा अहवाल आला. नवीन काही नाही, गेलेलं काही नाही. आणि खाली एक ओळ, जी मी कधीच पाहिली नव्हती — एका फाईलचं नाव बदललं.

फोल्डर उघडला. दोनशे बारा क्रमांकांच्या खाली — 'ह्यांचा आवाज'. देवनागरीत. मी तर आकड्यांशिवाय काही टाइप केलं नव्हतं.

फाईल लावली.

"बोला ना काहीतरी."

"काय बोलू?"

"खाचरांना नावं असतात, आपल्या अंगणाला ठेवा एखादं."

मग बराच वेळ नुसते कावळे.

"सुमन... दूध उतू जातंय बघ."

"जाऊ दे! एवढी पुस्तकं सांभाळता आणि एक नाव सुचेना?" आणि ती हसते. शेवटपर्यंत हसते.

भात गार झाला. मी ती तीनदा ऐकली.

संध्याकाळी इम्रान घरी आला, अहवालाची ती ओळ बघत बसला. "काका, ह्या सॉफ्टवेअरमध्ये अशी ओळच नाही. नाव बदललेलं त्याला ओळखताच येत नाही, सांगितलं ना? तुम्हीच दुपारी पेंगत काहीतरी केलं असणार."

"दुपारी मी झोपत नाही."

"मग काकूंनी केलं," असं म्हणून तो हसला आणि लगेच जीभ चावून उठायला लागला. मीच म्हटलं, "बस, चहा टाकतो."

ह्याचं कारण मी बरंच शोधलं. फाईल कुठेतरी दडून राहिली असेल, मीच कधीतरी तसं टाइप करून विसरलो असेन... पटेल असं काही हाती लागलं नाही. भीती मात्र वाटली नाही, तेव्हाही आणि आताही.

फोल्डरमध्ये आता दोनशे तेरा फायली आहेत. दोनशे बारांना क्रमांक आहेत. एकीला नाव आहे, ते मी तसंच ठेवलंय.