आमचे आतोबा आणि बफर होणारी मिश्रणं

आमच्या आतोबांच्या मते परमेश्वराने जगात दोनच प्रकारची मिश्रणं निर्माण केली होती, एक बफर होणारी आणि दुसरी बफर न होणारी. तिसरा प्रकार कुठे आढळलाच, तर तो परमेश्वराचा हलगर्जीपणा समजावा, असं ते बिनदिक्कत सांगत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. म्हणजे प्रोफेसरांनी शिकवायचं, मुलांनी काचसामान फोडायचं आणि आतोबांनी द्रावणं तयार करून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. पण खरं रसायनशास्त्र बाटल्यांपाशीच असतं, फळ्यावर असते ती त्याची जाहिरात, अशी त्यांची पक्की समजूत होती. देशावरून नवीन आलेल्या एका प्रोफेसरांनी एकदा हायड्रोक्लोरिकसारखं जहाल ॲसिड आणि साधं मीठ यांचं बफर होतं असं फळ्यावर लिहिलं. आतोबा बीकरचा ट्रे घेऊन दाराशी उभे होते. ते नुसते खोकले. प्रोफेसर लिहीतच राहिले, तेव्हा पुन्हा खोकले. तिसऱ्या खोकल्याला प्रोफेसरांनी मागे वळून न बघता फळा पुसला.

या माणसाच्या तावडीत मी सापडलो तो माझ्या कर्माने. मी आंजर्ल्याचा. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमारास बारावीला रसायन आणि गणित अशा दोन्ही विषयांत आपटलो आणि वडिलांनी मला ट्रंकेसकट आत्याकडे पाठवून दिलं. ऑक्टोबरात सुटलो तर कॉलेज, नाहीतर सरळ मुंबईला जाऊन काकांच्या कारखान्यात खोकी भरायची, असा निकाल त्यांनी आधीच देऊन टाकला होता. मला शिकायचं होतं हो, अगदी मनापासून शिकायचं होतं. पण खोकी डोळ्यांसमोर दिसायला लागली की पुस्तकातलं काही दिसत नसे. त्यात आतोबांनी सगळं रसायनशास्त्र बाजूला सारून तीन आठवडे नुसतं बफर शिकवलं. ज्यात थोडं ॲसिड घाला की त्याच्या उलट गुणाचा थोडा अल्कली घाला, तरी ज्याचा आंबटपणा जागचा ढिम्म हलत नाही, ते बफर. ते होण्यासाठी ॲसिड कमजोर हवं, त्याच ॲसिडचं मीठ, म्हणजे त्यापासून झालेला क्षार, हवं, आणि दोन्ही भांड्यात शिल्लक हवीत. कमजोर अल्कली असला तरी कायदा तोच. "काय ओतलंस ते मला सांगू नकोस मेल्या, शेवटी काय उरलं ते सांग," हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकलं असेल.

जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या पाठीवर आतोबा मिश्रणं लिहून ठेवत, आणि त्या चिठ्ठ्या सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडत. पानावर बसलं की आमटीच्या आधी चिठ्ठी निघे. अमोनियम हायड्रॉक्साइड आणि अमोनियम क्लोराइड? 'बफर' म्हटलं, की आमटी. चुकलं की आमटी पुढच्या पानाला. पोराला आधी चार घास गिळू द्यात, म्हणून आत्या करवादायची, पण तिची वाटीसुद्धा उत्तरासाठी थांबलेली असायची. एवढ्या वर्षांच्या संसारात तिलाही बरीचशी उत्तरं पाठ झाली होती आणि माझी फारच दया आली तर ती वाढता वाढता मानेने खुणा करी. एका लग्नात शेजारच्या पाहुण्याने थट्टेने विचारलं, की काय हो, लिंबू आणि मीठ घातलेलं हे सरबत तुमचं बफर का? झालं! मीठ त्याच ॲसिडचं लागतं, शेजाऱ्याचं चालत नाही, हे आतोबांनी त्याला इतकं सावकाश आणि इतकं प्रेमाने समजावलं, की त्या पाहुण्याची चिपळूणची एसटी गेली. आतोबांनी मग त्याला घरीच आणलं आणि राहिलेला भाग पुरा केला.

हे वेड कुठून आलं ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. कॉलेजात असताना त्यांना परीक्षेत एक मिश्रण आलं होतं, ॲसेटिक, म्हणजे व्हिनेगरमधलं कमजोर ॲसिड, आणि त्याच्या निम्मं कॉस्टिक सोडा. कॉस्टिक म्हणजे अल्कलींतला दांडगेश्वर. नाव दिसताक्षणी आतोबांनी 'बफर नाही' असं ठोकून दिलं. खरं तर कॉस्टिक निम्मं ॲसिड खातं, त्याचं मीठ होतं, निम्मं ॲसिड उरतं आणि फक्कड बफर होतं. त्या दोन मार्कांनी ते नापास झाले आणि पुन्हा बसायची घरची ऐपत नव्हती. "कॉस्टिक दिसलं आणि मी पुढचं वाचलंच नाही रे," एवढंच म्हणाले आणि नवीन पत्रिका कापायला घेतली.

परीक्षेच्या दिवशी ते अर्धी रजा टाकून फाटकाशी उभे होते. मी जवळजवळ नाचतच बाहेर आलो, कारण ॲसेटिक ॲसिड आणि कॉस्टिक यांचाच प्रश्न आला होता आणि मी पानभर उत्तर ठोकलं होतं. आतोबांनी पेपर हातातून घेतला, चष्मा लावला, प्रश्नाखालून बोट फिरवत नेलं आणि मध्येच थांबवलं. मग मी काय लिहिलं ते त्यांनी विचारलं. बफर, निम्मं ॲसिड उरतं म्हणून, मी छाती काढून सांगितलं. "बरोबर," ते म्हणाले, आणि पेपराची घडी करून खिशात घातली. वाटेत त्यांनी मला कोकम सरबत पाजलं. त्या रात्री पानावर चिठ्ठी निघाली नाही, तेव्हा आत्याने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

एक दिवस सोडून गणिताचा पेपर होता. रसायन खिशात आहे या गुर्मीत मी तो असा सोडवला, की माझा मलाच विश्वास बसेना. घरी आलो तर आत्या धुणं भिजवत होती. आतोबांच्या सदऱ्याच्या खिशातून निघालेला कागद तिने माझ्या हातात दिला. तो रसायनाचा पेपर होता. मी सहज नजर टाकली आणि तो प्रश्न पुन्हा शेवटपर्यंत वाचला. ॲसिड आणि कॉस्टिक दोन्ही सारखीच दिली होती. म्हणजे सगळं ॲसिड खाऊन संपलं, उरलं नुसतं मीठ.

आतोबा पडवीत बसले होते. मी तसाच त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"आतोबा, ते बफर नव्हतं."

"नव्हतं."

"मग तुम्ही बरोबर कसं म्हणालात?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "गणित राहिलं होतं ना रे तुझं," म्हणाले.

मी सुटलो. रसायनात अगदी काठावर, गणितात मात्र भरघोस मार्कांनी. वडिलांनी खोक्यांचं नाव पुन्हा काढलं नाही आणि मी कॉलेजात गेलो. पडवीत त्या दिवशी मी आतोबांच्या पाया पडायला हवं होतं. पण त्या वयात असलं काही सुचत नाही. आपला पेपर चुकला याचंच दुःख करत मी आत निघून गेलो. आता सुचतं, तर ते नाहीत.