मोगऱ्याची थंड खोली

पनवेलच्या उकाड्यात माझ्या दुकानातला मोगरा दुपारपर्यंत पिवळा पडायचा. म्हणून गेल्या उन्हाळ्यात शेजाऱ्याने एका चाचांना माझ्याकडे आणलं. वीस वर्षं आखातात भाजीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये राबून ते परतले होते.

त्यांनी दुकानामागच्या खोलीला आतून जाड थर्माकोल लावला, फटी बुजवल्या, जुना एसी बसवला. एसी सोळा अंशांच्या खाली जाईना, तेव्हा त्याच्या सेन्सरला गरम होणारी एक बारीक तार गुंडाळली.

"ह्याला वाटलं पायजे, खोली अजून गरमच हाय. मग हा थांबणार नाय, बेटी," ते म्हणाले.

काम संपलं, तरी दर शुक्रवारी नमाजानंतर ते यायचे. "थंडी बघतो," म्हणत आत जायचे आणि मोगऱ्याच्या पेट्यांपाशी डोळे मिटून उभे राहायचे. एकदा मी विचारलंच, "चाचा, काही बिघडलंय का?"

"नाय गं. तिथं आखातात आपल्याकडच्या पेट्या यायच्या. झाकण काढलं की कढीपत्त्याचा वास यायचा, नायतर मोगऱ्याचा. वाटायचं, घरीच उभा हाय. आता आलो, तर उलव्याकडची आमची वाडी विमानतळात गेली, अम्मी ऱ्हायली नाय. इथं थंडीत उभा ऱ्हायलो की वाटतं, घरी सगळं अजून जागेवर हाय. मीच फक्त लांब हाय."

मी बाहेर आले, दार हळूच ओढून घेतलं आणि गजरा मागणाऱ्या बाईंना जरा थांबायला सांगितलं.