मालूकाकूंचा खणखणीत आवाज

आज आमच्या हळदीकुंकवाला शेजारच्या मालूकाकू कुंकू लावून घेता घेता खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बायांनो, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जायला लागलं, तर गप्प बसू नका!" मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या! गेल्या संक्रांतीला स्वतःचं हेच दुखणं त्या लाजत लाजत सुनेच्या कानात कुजबुजल्या होत्या. सुनेनं लगेच तपासायला नेलं. गर्भाशयाचा कॅन्सर अगदी सुरुवातीलाच सापडला, ऑपरेशन झालं आणि आज काकू खडखडीत बऱ्या आहेत. एवढी वर्षं आम्ही उखाणे मोठ्यानं घेतले आणि दुखणी मात्र पदराआड ठेवली! तेवढ्यात माझ्या सासूबाईंनी हातातली गुलाबदाणी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मालू, तुझ्या डॉक्टरीणबाई उद्या असतील का गं?"