दादाचं रेटिक आणि भैरवनाथाचा पेढा

ऐका ना, हे आत्ताच सांगितल्याशिवाय मला घास उतरणार नाही. दादाचा रिपोर्ट आलाय, मी अजून लॅबच्या पायरीवरच बसलेय. घाईत लिहितेय, टायपिंग सांभाळून घ्या.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आम्ही काळेवाडीत राहतो, तो निघोज्याच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. दिवाळीनंतर पिवळा पडत गेला. जिन्यात मध्येच बसायचा, तळपायाला सारख्या मुंग्या. आईने बीट, गूळ, खजूर सगळं करून बघितलं. आणि एक दिवस तो शिफ्टमध्येच कोसळला. रक्त इतकं कमी निघालं की डॉक्टर मॅडमनी रेटिक काउंट करायला लावला. रक्ताच्या नव्या, अर्ध्याकच्च्या पेशी किती बनतायत ते त्यात कळतं म्हणे. दादा त्या अवस्थेतही म्हणाला, "म्हणजे ट्रेनी किती आलेत ते!" रिपोर्ट बघून मॅडम हसल्या नाहीत. "तुमच्याकडे भरतीच बंद आहे," म्हणाल्या. आता कमरेच्या हाडात सुई घालून तपासायचं. काहीही निघू शकतं. मोबाइलवर ते 'काहीही' वाचलं आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. देवाला नाही नाही ते बोलले. खरंच बोलले.

सुईच्या तपासणीसाठी बाहेर बसलो होतो, तेव्हा शेजारी शुगर तपासायला आलेल्या एक आजी होत्या. गावच्या भैरवनाथाचा पेढा त्यांनी दादाच्या हातावर ठेवला. त्याने कपाळाला लावला आणि माझ्याकडे सरकवला.

"आरं, परसाद हाय त्यो!"

"आजी, मला दूध चालत नाही."

"चालत न्हाई का सोडलंय?"

दादाने मान खाली घातली. डोळे भरले. आजी हळूच म्हणाल्या, "नवस हाय व्हय? अन् बोलून दाखवायचा न्हाई, म्हणून मुका झालायस?"

तेव्हा कुठे त्याने सांगितलं. आम्हाला तो कायम ॲसिडिटी सांगायचा, कोरा चहा प्यायचा. कॉन्ट्रॅक्टवर लागल्यापासून, पर्मनंट होईपर्यंत दूध-दही-ताक बंद, असं त्याने खंडोबाला कबूल केलेलं. इतकी वर्षं! आजी म्हणाल्या, "देवाला काय करायचंय रं तुजं दूध? खा." त्याने खाल्ला, रडत रडत.

हे सांगायला मी मॅडमकडे पळाले. त्यांनी कपाळावर हात मारला. "तुम्ही माळकरी, अंडं-मटण नाही, वर दूधही नाही! बी-ट्वेल्व्ह येणार कुठून? मला नुसतं शाकाहारी सांगितलंत!" सुई थांबवली, बी-ट्वेल्व्ह तपासलं, ते जवळजवळ नव्हतंच. इंजेक्शनं सुरू झाली. बाहेर येऊन बघते तर आजी निघून गेलेल्या. नावही विचारलं नाही हो.

आज रेटिक वाढलंय. भरपूर! नव्या पेशी येतायत. पण सगळं गोड नाहीये. पायांचा बधिरपणा अजून आहे. तो पूर्ण जाईलच असं मॅडम सांगत नाहीत. कंपनीने त्याच्या जागी दुसरा घेतलाय. दादा तासन्तास पाय चोळत बसतो.

तरी मी आज त्याच देवापुढे हात जोडले, ज्याला शिव्या घातल्या होत्या. मागितलं काहीच नाही. हे दे, तोवर आम्ही ते सोडतो, असा सौदा आता नको वाटतो. सगळं देवाच्या हातात देऊन मोकळं व्हायचं, आणि त्याने पाठवलेलं माणूस काही विचारत असेल तर खरं सांगायचं, एवढंच मला कळलं.

तुमच्यासोबत झालंय का असं? देवासाठी म्हणून गप्प राहिलात आणि देवानेच कुणाला तरी विचारायला पाठवलं? सांगा ना, प्लीज. मी वाचतेय.